हील-टो करताना गाडी गचका देते. ट्रॅकवर जाण्याआधी सोलापुरात काय शिकता येईल?

जुळेसोलापूरकर

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे सहा वर्षांपूर्वी घेतलेली पेट्रोल स्विफ्ट आहे, पाच गिअरची, आणि टायर बदलण्यापलीकडे तिच्यात मी काहीही फेरफार केलेला नाही. येत्या डिसेंबरात कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर दोन दिवसांच्या चालक-प्रशिक्षणाला जायचे ठरवले आहे. सोलापुराहून हजारेक किलोमीटर गाडी हाकत जायचे आणि तिथला पहिला अर्धा दिवस पायांची जुळवाजुळव करण्यात घालवायचा, हे मनाला पटत नाही. म्हणून दोन महिन्यांपासून मी हील-टोचा, म्हणजे उजव्या पायाने ब्रेक दाबलेला असतानाच त्याच पायाने रेस देऊन खालचा गिअर टाकण्याचा, सराव करतो आहे. पहाटे साडेपाचला होटगी रस्त्यावर वर्दळ नसते, तेव्हा अर्धा तास मिळतो.

अडचण अशी आहे की, ब्रेकवर चवडा ठेवून पायाची कड अ‍ॅक्सिलरेटरकडे नेली की ब्रेकवरचा दाब आपोआप वाढतो आणि गाडी नाक खाली घालते. दाब सांभाळायला गेलो तर रेस पुरेशी बसत नाही आणि क्लच सोडताच गचका बसतो. दहापैकी दोनदा जमते, पण त्या दोन वेळा वेगळे काय केले, हे मला सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात तुळजापूरहून परतताना घाट उतरत होतो. पावसाची भुरभुर होती, वेग साठच्या आसपास होता. वळणाच्या तोंडाशी तिसऱ्यातून दुसरा टाकला, रेस कमी पडली, क्लच पटकन सोडला आणि पुढची चाके वळणाच्या बाहेरच्या बाजूला सरकली. समोरून कोणी येत नव्हते म्हणून निभावले. शेजारी वडील बसले होते. ते सोलापूर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

चूक माझीच होती, याबद्दल वाद नाही. मात्र ती नेमकी कुठे झाली, एबीएस (ब्रेक लावताना चाके अडू न देणारी सोय) असूनही चाके का सरकली, आणि डिसेंबरपर्यंत क्लच आणि गिअरबॉक्स न बिघडवता हा सराव कसा करावा, हे जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

तिसरा_कोपरा

मी मूळचा सोलापूरचा, सध्या नोकरीनिमित्त पुण्यात असतो. श्रीपेरुंबुदूरजवळच्या चेन्नईच्या ट्रॅकवर चार वेळा आणि कारीवर दोनदा गाडी चालवली आहे. शर्यतीत कधी उतरलो नाही, त्यामुळे पुढचे सर्व एका हौशी माणसाचे म्हणणे समजावे.

पहिली गोष्ट, आपण हील-टो शिकत आहात, पण ते कशासाठी असते हे बाजूला राहिले आहे असे वाटते. ट्रॅकवर खालचा गिअर वेग कमी करण्यासाठी टाकत नाहीत. वेग कमी करण्याचे काम ब्रेकचे, आणि ते ब्रेक चार चाकांवर मिळून इंजिनपेक्षा कितीतरी चांगले करतात. खालचा गिअर हवा असतो तो वळणातून बाहेर पडताना, कारण त्या वेगाला इंजिन ज्या फेऱ्यांवर असायला हवे तिथे ते आधीच पोहोचलेले असावे लागते. वळणात शिरल्यावर गिअर बदलत बसायला वेळही नसतो आणि हातही मोकळे नसतात, म्हणून तो बदल ब्रेक लावतानाच उरकून घ्यायचा. आता ब्रेक लावताना उजवा पाय ब्रेकवर अडकलेला, डावा क्लचवर, आणि रेस द्यायला तिसरा पाय देवाने दिलेला नाही. एवढ्याच कारणाने हील-टोचा जन्म झाला आहे. त्यात शोभेचे काही नाही.

रेस का द्यावी लागते ते आकड्यांत पाहू. समजा आपल्या गाडीत तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.२८ आणि दुसऱ्याचे १.९० आहे. एखाद्या वेगाला तिसऱ्यात इंजिनाचे मिनिटाला ३,००० फेरे होत असतील, तर त्याच वेगाला दुसऱ्यात ते ४,४५० च्या आसपास असायला हवेत. क्लच दाबल्याबरोबर मात्र इंजिन मोकळे होऊन २,००० कडे घसरू लागते. त्या स्थितीत क्लच सोडला, तर इंजिनाला २,००० वरून ४,४५० वर ओढून नेण्याचे काम चाकांना करावे लागते, आणि चाके ते रस्त्याच्या पकडीतूनच करतात. आपल्याला बसणारा गचका म्हणजे हीच ओढ.

घाटात काय झाले, हे आता उलगडेल. आपली गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाते. टायरची पकड ही एकच वस्तू आहे आणि ब्रेक, वळण व इंजिन हे तिघेही ती एकाच वेळी मागतात. पावसात ती मुळातच आटलेली होती. ब्रेक लावल्याने तिच्यातली बरीच खर्ची पडली, चाके वळवल्याने उरलेली गेली, आणि त्याच क्षणी आपण क्लच सोडून इंजिनाचा भारही त्याच दोन चाकांवर घातला. एबीएस इथे कमी पडते, कारण ते फक्त ब्रेकचा दाब सोडू शकते. चाक जर इंजिनामुळे अडत असेल, तर ब्रेक सोडून ते मोकळे कसे होणार? हाच प्रकार मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत झाला असता, तर आधी मागची चाके सुटून गाडी स्वतःभोवती फिरली असती. पुढची चाके सरकली, हे त्यातल्या त्यात आपले नशीब.

आता पायाकडे येऊ. आपण पहाटे ज्या वेगाला सराव करता, त्या वेगाला ब्रेक हलकाच दाबावा लागतो. हलक्या ब्रेकला पेडल अ‍ॅक्सिलरेटरपेक्षा बरेच वर राहते, त्यामुळे खालच्या अ‍ॅक्सिलरेटरपर्यंत पायाची कड न्यायची तर घोटा मुरडावा लागतो, आणि घोटा मुरडला की चवड्याचा दाब वाढणारच. ट्रॅकवर ब्रेक खोल दाबलेला असतो, दोन्ही पेडल जवळजवळ एका पातळीवर येतात आणि तीच हालचाल एकदम सोपी होते. म्हणजे गंमत अशी की, हील-टो हळू चालवताना अवघड आणि जोरात ब्रेक लावताना सोपे असते. आपल्याला ज्या दोन वेळा जमले, तेव्हा बहुधा आपण नेहमीपेक्षा कचकून ब्रेक लावला असणार, आठवून पाहा.

नावावर जाऊन टाच वापरू नका. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत टाचेने अ‍ॅक्सिलरेटर गाठणे कठीण जाते. चवड्याचा अंगठ्याकडचा भाग ब्रेकच्या उजव्या कडेवर ठेवावा आणि करंगळीकडची कड अ‍ॅक्सिलरेटरवर लोळवावी. पातळ तळव्याचे बूट घालावेत. जाड तळव्याच्या बुटांत ब्रेक किती दाबला गेला हे पायाला समजत नाही, आणि चप्पल घालून हा उद्योग अजिबात करू नये.

क्रमही सांगतो, कारण बरेच जण इथेच चुकतात. आधी ब्रेक, सरळ रेषेत, आणि पहिल्यापासून चांगला दमदार. वेग बराच उतरल्यावर क्लच, गिअरचा दांडा खाली, दांडा जागेवर बसत असतानाच एक छोटी रेस, आणि इंजिन चढलेले असतानाच क्लच सोडायचा. हे सर्व झाल्यावर स्टिअरिंग वळवायचे. ब्रेक लावल्या लावल्या गिअर टाकण्याची घाई केली तर वेग अजून जास्तच असतो आणि इंजिन नको तितके वर जाते.

शेवटी माझी एक फजिती सांगतो. चेन्नईला पहिल्यांदा गेलो तेव्हा मीही आपल्यासारखाच दोन महिने हील-टो घोटून गेलो होतो. पहिल्या सत्रात प्रशिक्षकांनी सर्वांना बजावले की अख्खा ट्रॅक तिसऱ्या गिअरमध्येच फिरायचा, गिअरच्या दांड्याला हात लावायचा नाही. मला राग आला. चार फेऱ्यांनंतर लक्षात आले की मी प्रत्येक वळणाला वेगळ्या ठिकाणी ब्रेक लावतो आहे, वळणाच्या आतल्या टोकाकडे न पाहता बॉनेटच्या पुढच्या दहा मीटरकडे पाहतो आहे, आणि वळणात शरीर सावरायला स्टिअरिंगलाच लटकतो आहे. हे तिन्ही दोष असताना माझे हील-टो कितीही सफाईदार असते, तरी त्याचा उपयोग शून्य होता.

वर्कशॉप_अक्कलकोटरोड

वरच्या उत्तरात चालवण्याची बाजू नीट आली आहे. मी गाडीच्या पोटातली बाजू सांगतो. अक्कलकोट रस्त्यावर माझे छोटे गॅरेज आहे, आणि हौसेने गिअर टाकणाऱ्यांच्या गाड्या अधूनमधून माझ्याकडे येतात.

रेस न देता खालचा गिअर टाकला तर दोन वेगळ्या वस्तू झिजतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिली वस्तू म्हणजे सिंक्रोमेशची रिंग, जी बहुतेक गाड्यांत पितळेची असते. दांडा ढकलला की ही रिंग आधी गिअरच्या शंकूवर घासते, दोघांचा वेग सारखा करते आणि मगच दात एकमेकांत बसू देते. १९२८ साली कॅडिलॅकने ही सोय पहिल्यांदा बाजारात आणली. त्याआधी हे काम चालकाच्या पायाचे आणि कानाचे होते. दुसरी वस्तू म्हणजे क्लच प्लेट. दात बसल्यावर आपण क्लच सोडता तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या वेगातली तफावत ती प्लेट घासून भरून काढते. हील-टोमधली रेस वाचवते ती मुख्यतः क्लच प्लेट, इंजिनाची माउंटिंग आणि टायरची पकड. सिंक्रोच्या रिंगला तिचा फारसा फायदा नाही, कारण रेस देताना क्लच दाबलेलाच असतो आणि गिअरबॉक्सच्या आतल्या शाफ्टपर्यंत ती पोहोचत नाही. रिंग वाचवायची असेल तर दांडा सावकाश, दोन बोटांनी ढकलावा. दांडा अडतो आहे असे वाटले की हिसका देणारे लोक मला दरवर्षी दोन-तीन गिअरबॉक्स उघडायला लावतात.

सर्वांत महागडी चूक मात्र वेगळीच आहे. तिसऱ्यात इंजिन ५,००० वर असताना दुसरा टाकला, तर वर दिलेल्या गुणोत्तरांनी हिशेब ७,४०० च्या पुढे जातो. तिथे इंजिनाचा लिमिटर, म्हणजे ठरावीक फेऱ्यांपुढे इंजिन जाऊ न देणारी सोय, काहीच करू शकत नाही. तो पेट्रोल तोडतो, पण इंजिनाला त्या वेळी पेट्रोल फिरवत नसते, चाके फिरवत असतात. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा तेवढ्या वेगाला साथ देत नाहीत आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतो. चौथ्यातून तिसरा टाकायचा असताना घाईत पहिला पडणे, हाही त्यातलाच प्रकार. असे एक इंजिन मी उघडले आहे. ते पुन्हा बांधण्याच्या खर्चात चांगली वापरलेली मोटारसायकल आली असती.

आणखी एक खुलासा करतो, कारण तो कोणी करत नाही. आपल्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर आणि इंजिन यांच्यात केबल आहे की फक्त विजेची तार, ते पाहा. विजेवर चालणाऱ्या थ्रॉटलच्या काही गाड्यांत ब्रेक दाबलेला असताना संगणक अ‍ॅक्सिलरेटरची आज्ञा कमी करतो किंवा मानतच नाही. ही सुरक्षेची सोय आहे आणि ती काढण्याच्या भानगडीत पडू नये. तपासणे सोपे आहे. गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू ठेवून उभी करावी, ब्रेक चांगला दाबावा आणि अ‍ॅक्सिलरेटरला टिचकी द्यावी. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा लगेच उसळला तर गाडी आपल्या बाजूने आहे. तो उशिरा उसळला किंवा हललाच नाही, तर दहापैकी आठ वेळा न जमण्यात आपल्या पायाचा दोष अर्धाच आहे. ही तपासणी इंजिन बंद ठेवून करू नका, कारण दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकला जोर पुरवणाऱ्या सर्व्होतले व्हॅक्यूम संपते, पेडल दगडासारखे होते आणि अंदाज चुकतो.

निवृत्त_चालक

मी एस.टी.तून निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली. ट्रॅक मी पाहिलेला नाही, पण तुळजापूरचा घाट किती वेळा चढलो-उतरलो याची गणती नाही, म्हणून दोन शब्द लिहितो.

आम्ही शिकलो तेव्हाच्या गाड्यांना डबल क्लच मारल्याशिवाय खालचा गिअर पडत नसे. क्लच दाबून दांडा न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर घालायचा. रेस कमी पडली की गिअरबॉक्स अशी किंचाळायची की मागच्या बाकावरचा झोपलेला प्रवासी उठून बसायचा, आणि वाहक आमच्याकडे बघायचा. वर्कशॉपवाल्या साहेबांनी सांगितले की एका क्लचची रेस आतल्या शाफ्टपर्यंत पोहोचत नाही. डबल क्लचची पोहोचते, कारण रेस देताना क्लच सोडलेला असतो. आजच्या मोटारीला त्याची गरज नाही, हे मला मान्य आहे. तरीही मी नवशिक्याला आधी तेच करायला सांगेन, ब्रेक न लावता, रिकाम्या सपाट रस्त्यावर, चाळीसच्या वेगाने, चौथ्यातून तिसरा. कारण त्यात कान तयार होतो. किती रेस दिली की गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडतो, हे काट्याकडे बघून शिकता येत नाही. आमच्या बऱ्याच गाड्यांत तो काटा नव्हताच.

घाटाबद्दल मात्र बाळा, तुला स्पष्ट सांगतो. घाट ही शिकण्याची जागा नव्हे. ज्या गिअरने घाट चढतो त्याच गिअरने उतरायचा, आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा, वळणाच्या तोंडाशी नव्हे. वळणाच्या तोंडाशी गिअर बदलावा लागला, याचा अर्थ वळण येते आहे हे तुला उशिरा दिसले. ती चूक पायाची नाही, डोळ्याची आहे. आणि वडील एक शब्दही बोलले नाहीत, हे तू स्वतःच लिहिले आहेस.

जुळेसोलापूरकर

काका, आपले शेवटचे वाक्य लागले, आणि ते लागायलाच हवे होते. आता घाटात फक्त घाटच उतरीन.

वर्कशॉपवाल्या साहेबांनी सांगितलेली तपासणी आज सकाळी करून पाहिली. न्यूट्रलमध्ये, ब्रेक दाबलेला असताना, काटा उसळतो, पण टिचकी दिल्यानंतर किंचित थांबून. मी आजवर रेस आणि क्लच सोडणे या दोन गोष्टी एकाच वेळी करत होतो, म्हणजे इंजिन चढायच्या आत क्लच सुटत होता. टिचकी थोडी आधी दिली, दांडा न्यूट्रल ओलांडताच, तेव्हा ब्रेकशिवायचा चौथा-तिसरा दहापैकी सात वेळा गचका न देता बसला. काकांनी सांगितल्याप्रमाणे काटा रुमालाने झाकला होता. सातव्या वेळेला तर गिअर पडला की नाही, हे पाहायला मला पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबावा लागला.

तिसरा_कोपरा यांना विचारायचे होते की, जोरात ब्रेक लावल्याशिवाय हील-टो जमत नसेल आणि जोरात ब्रेक लावायला वेग हवा असेल, तर मी तो सराव करायचा कुठे? पहाटेच्या होटगी रस्त्यावर ऐंशीवरून कचकून ब्रेक लावून पाहावा का? आणि वळणातही थोडा ब्रेक धरून ठेवण्याचे जे तंत्र आहे, ते मला आत्ताच शिकता येईल का?

तिसरा_कोपरा

होटगी रस्त्यावर ऐंशीवरून कचकून ब्रेक लावू नये. पहाटे साडेपाचला त्या रस्त्यावर मोटारी नसतात, पण दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकली असतात, फिरायला निघालेले लोक असतात आणि कुत्री असतात. कायद्याचे बोलायचे तर मोटार वाहन अधिनियमाच्या १८९ व्या कलमानुसार शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी करणे हा गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यालाही तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. जाता जाता विम्याचेही पाहून ठेवा. मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो, म्हणून प्रशिक्षणाच्या दिवशी गाडीला काही झाले तर तो खर्च आपलाच, असे धरून चालावे. मला शक्य असते तर मी स्वतःची गाडी न नेता आयोजकांची भाड्याने घेतली असती. घरी परतायला गाडी शाबूत राहते, हा त्यातला मोठा फायदा.

मग सराव कुठे करायचा? ट्रॅकवरच. माझे प्रामाणिक मत असे की, डिसेंबरपर्यंत आपण हील-टोचा हट्ट सोडावा. दोन हालचाली वेगवेगळ्या पक्क्या कराव्यात: काकांनी सांगितलेले ब्रेकशिवाय रेस जुळवणे, आणि उभ्या गाडीत ब्रेकवरचा दाब तसूभरही न हलवता पायाच्या कडेने टिचकी देणे. दुसऱ्या हालचालीसाठी गाडी भिंतीसमोर उभी करून हेडलाइट लावायला काही जण सांगतात. ब्रेकवरचा दाब मोठ्या प्रमाणात बदलला तर नाक हलते आणि भिंतीवरचा उजेडही हलतो, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. उभ्या गाडीत तसे काही होत नाही, मीच एकदा तासभर भिंतीकडे बघत बसलो होतो. त्यापेक्षा शेजारी कुणाला तरी वाकून आपल्या पावलाकडे बघायला सांगा. पेडल खाली गेले की तो सांगेल. या दोन हालचाली अंगवळणी पडल्या, तर ट्रॅकवर जोराच्या ब्रेकला पेडल खाली जाताच त्या आपोआप जुळतात. चेन्नईला माझ्या त्या पहिल्या भेटीत दुसऱ्या दिवशी दुपारी त्या जुळल्या, सलग तीन वळणांना, आणि चौथ्याला मी आनंदाने ब्रेक लावायलाच उशीर केला.

ज्यांच्याकडे संगणक आणि तीन पेडलचे स्टिअरिंग आहे, त्यांना घरबसल्या वेळेचा ताल साधता येतो. त्यात शरीर पुढे फेकले जात नाही, त्यामुळे ब्रेकचा अंदाज तिथे शिकू नये. केवळ यासाठी एवढा खर्च करावा, असे मला वाटत नाही.

वळणातही ब्रेक धरून ठेवण्याचे तंत्र, म्हणजे ट्रेल ब्रेकिंग, पहिल्या भेटीत नको. त्यात वळण जसजसे घट्ट होते तसतसा ब्रेक सोडत जायचा असतो. ब्रेकमुळे वजन पुढे येते, पुढची चाके चांगली पकडतात, पण मागची हलकी होतात, आणि तिथे दचकून पाय एकदम उचलला किंवा एकदम दाबला, तर मागची बाजू निसटते. आधी ब्रेक पूर्ण सरळ रेषेत संपवायला शिका. वेग दुप्पट झाला की थांबायचे अंतर चौपट होते, हे शाळेत शिकलेले असते, पण ते अंगाला कळत नाही. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने साठवरून थांबायला सुमारे १७ मीटर लागत असतील, तर १२० वरून ७० मीटर लागतील, आणि पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत गेलेले अंतर त्यात धरलेले नाही. ट्रॅकच्या कडेला अंतराच्या पाट्या असतात. पहिल्या दिवशी सर्वांत लांबच्या पाटीला ब्रेक लावा, आणि नंतर एकेक मोटारीच्या लांबीने पुढे सरका.

वर्कशॉप_अक्कलकोटरोड

ब्रेकचा विषय निघालाच आहे तर राहिलेले सांगून टाकतो. माणसासकट हजार किलोची गाडी १२० वरून ६० वर आणली की ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होते, तिच्यावर सव्वा लिटर पाण्याला उकळी येईल. कारीची एक फेरी दोन किलोमीटरच्या थोडी वर आहे, म्हणजे दर दीड-दोन मिनिटांनी ही चहाची किटली अनेकदा चुलीवर चढते. ब्रेक ऑइल बदललेले नसेल तर ते हवेतला ओलावा ओढून बसलेले असते. ताजे डॉट ३ प्रतीचे ऑइल साधारण २०५ अंशांना उकळते, ओलावा शिरलेले १४० ला. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल जमिनीला टेकते. तेव्हा जाण्याआधी आठवडाभर ताजे डॉट ४ भरून घ्यावे. सिलिकोनचे डॉट ५ वेगळे असते, ते यात मिसळू नये. पॅड निम्मे झिजलेले असतील तर नवे घालावेत आणि जुने घरी ठेवून द्यावेत, गावात चालवायला ते पुरतात.

टायरची हवा सकाळी थंड असताना तपासावी. टायर पाच-सहा अंशांनी तापला की हवा साधारण एक पीएसआयने वाढते, म्हणून सत्र संपल्यावर आकडा चढलेला दिसेल. तो पाहून हवा सोडली, तर घरी निघताना ती भरायला विसरू नये. मागच्या वर्षी एक जण तशाच कमी हवेच्या टायरांवर विजापूरपर्यंत आला आणि तिथून मला फोन केला.

प्रत्येक सत्राची शेवटची फेरी ब्रेक न वापरता हळू मारावी, आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नये. तापलेल्या डिस्कवर किंवा ड्रमवर पॅड आणि लायनर दाबून ठेवले तर ते तिथेच चिकटतात, आणि मग ब्रेक लावताना गाडी थरथरते, ती घरी येईपर्यंत. पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला वीट लावावी. वीट सोलापुराहूनच नेलेली बरी.